मे महिन्याचं ऊन कुणी पाहिलंय का?

गच्चीवाली | बुधवार, २१ मे २०२५, रात्री ११:२०

काल संध्याकाळी गच्चीवर तीन जुन्या साड्यांवर कुरडया पसरलेल्या होत्या. सहाच्या सुमाराला पूर्वेकडून काळं आलं, वारा सुटला आणि पाच मिनिटांत सगळं चिंब. मी आणि सासूबाईंनी साड्यांची चारी टोकं धरून कुरडया गाठोड्यासारख्या खाली आणल्या. आत्ता त्या हॉलमध्ये पंख्याखाली आहेत आणि घराला आंबूस वास येतोय.

ज्यांनी कुरडया केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. म्हणजे गहू भिजवताना पाच दिवसांनंतरच्या उन्हाचा हिशोब धरलेला असतो. मे महिन्यात तो हिशोब कधी चुकत नाही. निदान आमच्या घरात चाळीस वर्षांत चुकला नव्हता.

अर्धा चीक अजून पातेल्यात आहे. शिवाय मिरची गल्लीतून आणलेल्या सात किलो मिरच्या (बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी) देठं काढून तयार आहेत. त्या दोन कडक उन्हं दाखवल्याशिवाय कांडपाला नेता येत नाहीत.

पावसाचा राग नाही हो. लालबागमध्ये वाढलेय, हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेय. पण तो पाऊस जूनचा. छत्री माळ्यावरून काढलेली असते, ताडपत्री बांधलेली असते, मसाला बरणीत असतो. मे महिन्याचं ऊन आमच्याकडे किराण्यासारखं मोजून वापरतात, आणि यंदा दुकानच बंद झालंय.

तुमच्याकडे काय अडलंय? आणि या चिकाचं काय करू?

---

मेतकूट | २१ मे, रात्री ११:४१

चीक खा! गरम चीक, वर तूप, साखर आणि दूध. आमच्याकडे लहान मुलांना मुद्दाम पहिली वाटी देतात. कच्चं तेल आणि तिखट घालूनही झकास लागतो.

पडलेल्या कुरडयांना मात्र आता जोरात पंखा लावा आणि दर दोन तासांनी उलटा. गुलाबी छटा दिसली की फेकून द्या, जीव अडकवू नका.

---

आगाऊ कार्टं | २१ मे, रात्री ११:५२

पहिला प्रतिसाद 'खा' असा. धागा योग्य मार्गावर आहे.

आमच्याकडे आंब्याचं अडलंय. पहिला पाऊस पडला की आंबा बंद, हा आजीचा कायदा. एरवी तो जूनमध्ये लागू होतो. काल संध्याकाळी तिने दोन डझन हापूस शेजाऱ्यांना वाटून टाकला. मी ऑफिसातून आलो तेव्हा फक्त पेटी आणि पेंढा शिल्लक.

---

मेतकूट | २२ मे, सकाळी ७:१०

कार्ट्या, आजीच्या कायद्यात तथ्य आहे. ओल्या हवेत फळमाशीचं फावतं. ती फळाच्या सालीखाली अंडी घालते, वरून फळ सोन्यासारखं दिसतं आणि कापल्यावर आत वळवळ. पण आजीने वाटला तो आंबा पावसाच्या आधीच उतरवलेला असणार. तेव्हा शेजारी मजेत आहेत असं समज.

---

वेसावकर | २२ मे, सकाळी ८:३५

आमचं विचारू नका. मासेमारीबंदी १ जूनपासून असते. म्हणजे मेचा शेवटचा आठवडा हा आमच्या वर्षाचा शेवटचा हप्ता. शेवटच्या फेरीचं डिझेल-बर्फ भरलं की हिशोब मिटवायचा, खलाशी गावाला जायचे, मग होड्या ओढून शाकारायच्या, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवायच्या. यंदा समुद्रात कमी दाबाचा पट्टा, बोटी परत बोलवा, असा निरोप आला आणि हंगाम दहा दिवस आधीच संपला.

त्याहून वाईट बायकांचं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी याच दिवसांत होते. सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. आमची गिऱ्हाइकं वर्षाचं सुकं मेमध्ये भरून ठेवतात. वलांड्यांवर (वाळवणाच्या बांबूंच्या मांडवांवर) बोंबील लटकवलेले, खळ्यात जवळा पसरलेला, आणि रात्री पाऊस. भिजलेला बोंबील परत वाळत नाही असं नाही, पण तो काळा पडतो, वास मारतो, आणि माणसाच्या ताटात जायचा तो कुटीच्या भावात जातो. कुटी म्हणजे कोंबडीखाद्य नाहीतर खत. भाव विचारू नका, लाज वाटते.

माझी आई म्हणते, समुद्राचा पाऊस कळतो. तो दर्यावरून येतो, वास आधी येतो. हा डोंगराकडून आला, पाठीमागून.

---

हवापाणी | २२ मे, सकाळी ९:२०

वेसावकर, तुमच्या आईला दंडवत. अख्खा धडा एका वाक्यात सांगितला त्यांनी.

परवाचा आणि कालचा पाऊस मान्सूनचा नाही. दुपारभर जमीन तापते, सह्याद्रीच्या अंगाला ढग उभे राहतात आणि वरच्या थरात वारे पूर्वेकडून असले की ते ढग संध्याकाळी किनाऱ्याकडे ढकलले जातात. म्हणून आधी बदलापूर-कल्याण, मग ठाणे, मग आपण. गडगडाट, वारा, तासाभराचा धिंगाणा. देशावर याला वळीव म्हणतात. मान्सून आला की वारा नैर्ऋत्येचा होतो, ढग समुद्रावरून येतात, कडकडाट कमी होतो आणि रिपरिप लागते.

पण यंदा दोन गोष्टी एकत्र आल्यात. कोकण-गोव्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय आणि ते बाष्प खेचून किनाऱ्यावर आणतंय. तेव्हा हा दोन दिवसांचा वळीव आहे असं समजून मिरच्या पुन्हा गच्चीवर नेऊ नका. मी चार-पाच दिवस तरी थांबेन.

---

गच्चीवाली | २२ मे, दुपारी १:०५

मेतकूट, चीक खाल्ला. आम्ही खाल्ला, समोरच्यांनी खाल्ला, वॉचमनकाकांनी दोनदा खाल्ला. मजल्यावर सगळ्यांचे डोळे जड झालेत.

हवापाणी, चार-पाच दिवस? मिरच्या मऊ पडायला लागल्यात हो.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | २२ मे, दुपारी ३:४८

ताई, तुमच्या तर मिरच्याच आहेत. आमची गच्चीच उघडी आहे.

सोसायटीने तीन वर्षं वर्गणी गोळा करून यंदा वॉटरप्रूफिंग काढलं. कंत्राटदार म्हणाला, १० मेला जुना कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) फोडतो, २५ पर्यंत नवा ब्रिकबॅट कोबा, वर पाणी साठवून आठवडाभर क्युरिंग, ५ जूनला किल्ली तुमच्या हातात. कागदावर निर्दोष योजना. २० तारखेला जुना कोबा पूर्ण फुटलेला, राडारोडा अर्धा उतरवलेला, विटांचे तुकडे कोपऱ्यात आणि नवा थर शून्य. म्हणजे गळती थांबवण्यासाठी आम्ही लाखो रुपये देऊन छप्पर काढून टाकलं आणि मग आभाळ फुटलं.

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात काल सात बादल्या होत्या. मी स्वतः मोजल्या, कारण प्रत्येक बादली मला दाखवण्यात आली. कंत्राटदाराचा फोन लागतो पण तो उचलत नाही. कामगार गावाला गेलेत. परांचीचे बांबू वाऱ्याने वाजतात तेव्हा सगळी बिल्डिंग माझ्या नावाने बोटं मोडते.

कृपया सल्ला द्या, उपदेश नको.

---

मॅनहोल_नंबर_सात | २२ मे, सायंकाळी ५:१५

निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

आधी राडारोडा उतरवा, निदान पावसाळी पाइपांच्या तोंडांपासून पाच-सहा फूट लांब सारा. निम्मी गळती तुंबलेल्या पाण्यामुळे असते. मग स्लॅबवर जाड ताडपत्री. पण ती नुसती अंथरू नका, मधे बांबू घालून उतार द्या, नाहीतर ताडपत्रीवर तळं होतं आणि वजनाने ती फाटते. कडा पॅरापेटच्या वरून बाहेर काढून बांधा. ओल्या स्लॅबवर घाईने कोबा टाकायला कुणी तयार झाला तर त्याला हाकला. स्लॅब ओला असताना वर रासायनिक थर दिला तर दोन पावसांत पापुद्रे निघतात. आठ-दहा दिवस कोरडे मिळाले तर काम करा, नाहीतर सरळ ऑक्टोबर.

आता शहराचं. मुंबईत नालेसफाईची मुदत ३१ मे असते. सगळं गणित 'पाऊस १० जूनच्या आसपास' या गृहीतावर उभं. गाळ काढून नाल्याच्या काठावर ठेवतात, तो निथळला की उचलतात. निथळायला ऊन लागतं. काठावरचा गाळ आणि वरून पाऊस म्हणजे पुन्हा नाल्यात. तुमच्या कुरडयांसारखंच आहे हे. फक्त गाळ खाता येत नाही.

---

कोरडवाहू | २२ मे, रात्री ९:३०

रागावू नका, पण वाचून थोडं हसू आलं. मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातला, राहायला कळव्यात. आमच्याकडे मेमध्ये ओढ्याला पाणी आलं तर लोक नारळ फोडतात. सकाळी भावाचा फोन होता, आवाजातच पाऊस होता.

तुमचं पापड-मसाल्याचं पडलंय. नाशिककडे उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या आधी शेतात भिजला, त्यांचं काय?

---

गच्चीवाली | २२ मे, रात्री ९:५१

भाऊ, कांद्याचं दुःख मोठं आहे, मान्य. पण धाग्यात दुःखाची स्पर्धा लावलेली नाही. आमचं मूळ गाव सातारकडचंच आहे. तिकडचा पाऊस ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला नाही, जोडला.

आणि मसाला 'पडलंय' एवढा हलका नाही. सात किलोंतला तीन किलो घरचा. बाकी ऑर्डरचा आहे, त्यावर धाकटीची फी भरते.

---

कोरडवाहू | २२ मे, रात्री १०:०२

ऑर्डरचं माहीत नव्हतं, ताई. चुकलो. माझाही एक किलो लिहून ठेवा, वाळल्यावर.

---

निवांत पेन्शनर | २३ मे, सकाळी ६:४०

पहाटे जाग येते, म्हणून लिहितो. वेळेबाहेरचा पाऊस मुंबईला अगदी नवा नाही, आपण विसरतो इतकंच.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मी स्वेटर घालायचा विचार करत होतो आणि रेनकोट घालावा लागला. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी. ६ डिसेंबरच्या आदल्या दिवशी शिवाजी पार्कचा चिखल झाला होता आणि चैत्यभूमीला आलेल्या लोकांसाठी पालिकेच्या शाळा उघडाव्या लागल्या. मी दादरला राहतो. आमच्या जिन्यात नागपूरकडचं एक कुटुंब रात्रभर बसलं होतं. त्यांची पोरं थंडीपावसाच्या दोन्ही तयारीविना आलेली. डिसेंबरात मुंबईला जाताना छत्री कोण घेतं? आमच्या हिने त्यांना पिठलं-भात वाढला. नंतर पाच-सहा वर्षं त्यांचा दर ६ डिसेंबरला फोन यायचा.

मग १७ मे २०२१, तौक्ते. सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर, आणि तेही मेमध्ये. लॉकडाऊन होता म्हणून रस्त्यावर माणसं कमी होती, नाहीतर पडलेल्या झाडांखाली किती सापडली असती देव जाणे.

आणि एक. मुंबईचा पाऊस असा एक नसतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला पाऊणशेच्या आतबाहेर होता. मी त्या दिवशी फोर्टात ऑफिसमध्ये बसून घरच्यांना 'काय एवढं घाबरता' म्हणत होतो. ते ऐकवणं अजून सुरू आहे.

---

आगाऊ कार्टं | २३ मे, सकाळी १०:१५

पेन्शनर काका, तुम्ही लिहीत जा हो.

अवांतर: उरणला मित्राच्या हळदीत होतो काल रात्री. मांडव गळत होता, डीजे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि नवरदेवाची हळद पावसानेच धुतली. नाच थांबला नाही. आगऱ्यांची हळद आहे ती, पावसाने थांबेल होय?

---

वाळवंटातला पाटील | २३ मे, दुपारी २:३०

दुबईहून. मूळ परळचा, म्हणून धागा उघडला.

तुमच्याकडे निदान गटारं आहेत, तुंबलेली का होईनात. इथे १६ एप्रिल २०२४ ला पाऊस झाला तेव्हा अल ऐनजवळ २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटरच्या वर नोंद झाली. १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा. मुंबईकर म्हणून आधी मला हसू आलं, अडीचशे काय, आम्ही पाहिलेत. दुपारपर्यंत हसू गेलं. कारण पाणी जायला जागाच नाही. रस्ते उन्हासाठी बांधलेले. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या आणि पाणी उपसायला टँकर आले. जे टँकर आपल्याकडे पाणी घेऊन येतात ना, ते इथे पाणी घेऊन जात होते.

लोक म्हणाले कृत्रिम पाऊस पाडला. हवामानवाल्यांनी ते खोडून काढलं, एवढी मोठी वादळी प्रणाली फवारणीने होत नाही. पण अजून केशकर्तनालयात तीच चर्चा.

---

हवापाणी | २४ मे, रात्री १०:१०

अपडेट. मान्सून आज केरळात दाखल. नेहमीची तारीख १ जून, म्हणजे आठ दिवस आधी. २००९ नंतर पहिल्यांदा इतका लवकर. समुद्रातलं ते कमी दाबाचं क्षेत्र आणखी तीव्र होऊन आज रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याच्या ओढीने मान्सूनही वर सरकतोय. गच्चीवाली, वाईट वाटतं सांगायला, पण मिरच्या कढईत घ्या.

---

मेतकूट | २४ मे, रात्री १०:३२

हो, कढईच. मंद आच, एका वेळी पाव किलो, हात थांबवायचा नाही. भाजायची नाही, फक्त कोरडी करायची. मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. खिडकी उघडी ठेवा आणि नाकाला ओला रुमाल. ओलसर मिरची तशीच कुटली तर मसाल्याचे गोळे होतात आणि महिन्याभरात बुरशी येते. ती वरवर काढून वापरणारे महाभाग असतात, तसं अजिबात करू नका.

सात किलोला किती वेळ लागेल ते मी मुद्दाम लिहीत नाही.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | २५ मे, सकाळी ११:२०

मॅनहोलसाहेब, तुमच्या सांगण्याप्रमाणे बांबूचा उतार देऊन ताडपत्री टाकली. सात बादल्यांच्या दोन झाल्या. काकूंनी काल मला चहा दिला. तीन आठवड्यांत पहिला.

ताडपत्री मात्र दीडपट भावाने मिळाली. दुकानदार म्हणाला, माल जूनचा भरतो आम्ही, मेमध्ये कोण विचारतं.

---

गच्चीवाली | सोमवार, २६ मे २०२५, दुपारी १२:४०

कुणी बाहेर पडू नका. हिंदमाता, परळ, भायखळा, सगळीकडे पाणी. नवरा सीएसएमटीला उतरून चालत परत आला. मस्जिदला रुळांवर पाणी म्हणे. छत्री नव्हतीच, ती अजून माळ्यावर आहे.

---

हवापाणी | २६ मे, दुपारी २:१५

झालं. हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी. आतापर्यंत लवकरात लवकर म्हणजे २९ मे होती, १९५६, १९६२ आणि १९७१ साली. १९५० पासूनच्या नोंदींत एवढ्या लवकर कधीच नाही.

आणि कुलाब्याचा मे महिन्याचा १०७ वर्षांचा विक्रम मोडला. १९१८ च्या मेमध्ये २७९.४ मिलिमीटर पडला होता, आज सकाळी आपण त्याच्या पुढे गेलो. पेन्शनर काका, आज २००५ च्या उलट आहे बघा. सकाळी साडेआठपर्यंत कुलाब्याला सव्वाशेच्या वर आणि सांताक्रूझला जेमतेम तिशी.

---

मॅनहोल_नंबर_सात | २६ मे, दुपारी ४:००

उद्या अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती. आज सकाळी अकरा-साडेअकराला पावणेपाच मीटरच्या आसपास पाणी होतं आणि नेमका त्याच वेळी जोर. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या शेवटी समुद्रात सुटतात. बऱ्याचशा मुखांची पातळी भरतीच्या खाली. समुद्र चढला की पाणी बाहेर जात नाही, उलट आत येऊ पाहतं. म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया, इर्ला अशी पंपिंग स्टेशनं. १९८५ च्या पुरानंतर 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल आला, १९९३ साली. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या, त्या ५० च्या करायच्या, असा त्याचा गाभा. आज काही ठिकाणी तासाभरात त्याहून जास्त पडला. तेव्हा भरती, ताशी ५० पेक्षा जास्त पाऊस आणि मुदत न संपलेली नालेसफाई, तिन्ही एकदम.

'पाऊस लवकर आला' ही सबब मी नोकरीत असताना स्वतः लिहिलेली आहे. आता निवृत्त असल्याने सांगतो, ती सबब फक्त पहिल्या वर्षी चालते.

---

आगाऊ कार्टं | २६ मे, दुपारी ४:२०

'मी स्वतः लिहिलेली आहे' ला टाळ्या.

---

वेसावकर | २६ मे, सायंकाळी ६:५०

होड्या वर घेतल्या. शाकारणीला झापं कुठून आणायची एवढ्या घाईत, प्लास्टिक बांधलं. वाडीत सगळे गप्प आहेत. कोळी पावसात घरी बसलेला असतो तो जूनमध्ये, तेव्हा हातात वर्षाचे पैसे असतात. आता पाऊस आहे आणि हिशोब व्हायचा आहे.

---

गच्चीवाली | शुक्रवार, ६ जून २०२५, सायंकाळी ७:३०

तुमचा मान्सून कुठे गेला हो? २६ ला धुमाकूळ घालून गेला तो गेलाच. आठवडाभर घाम आणि ढगाआडून ऊन. माझ्या चार किलो मिरच्या कढईत कोरड्या करून झाल्या (घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, फक्त खोकत होते) आणि उरलेल्या तीन किलो चक्क जूनमध्ये गच्चीवर वाळल्या. मिरगाच्या तोंडावर गच्चीवर मिरच्या बघून शेजारच्या बाई विचारतात, तारीख विसरलात का. म्हटलं मी नाही विसरले.

कांडपाच्या दुकानात ही रांग. सगळ्या बायका यंदा उशिरा.

---

हवापाणी | ६ जून, रात्री ८:१०

अडकलाय तो. २६ ला आला खरा, पण मागून जोर मिळाला नाही. पुन्हा हलेल, पण तोवर जे काय वाळवायचं ते वाळवून घ्या.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांचा २०२१ चा एक अभ्यास आहे. १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. समुद्र तापतोय हे त्यामागचं कारण. लवकर आलेला मान्सून आणि चक्रीवादळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची खिचडी करू नये. पण मे आणि ऑक्टोबरमध्ये आपला समुद्र पूर्वीसारखा शांत राहील असं धरून कामाच्या तारखा ठरवू नका, एवढं मी सांगेन. सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला विशेषतः.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | ६ जून, रात्री ८:४४

वाचलं. कंत्राटदार परवा उगवला. म्हणे आता ऊन आहे, कोबा टाकतो. मॅनहोलसाहेबांचा सल्ला आठवला, स्लॅबला हात लावला, गार होता. ऑक्टोबरमध्ये ये म्हटलं.

---

आगाऊ कार्टं | रविवार, २६ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२:०५

धागा वर काढतोय. दिवाळीचा कंदील भिजला, किल्ल्यावरचा मावळा वाहून गेला, भाऊबीज झाली तरी पाऊस आहेच. मान्सून १० ऑक्टोबरला मुंबईतून परतला असं वाचलं होतं. मग हा कोण?

---

हवापाणी | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

पुन्हा अरबी समुद्रात कमी दाब. मेमध्ये पाहुणा जेवणाआधी आला होता, आता जेवून निघाला आणि चपला विसरला म्हणून परत आला.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | २६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

कुणीही काहीही विचारू नका. कोबा गेल्या सोमवारी टाकायला घेतला होता.

---

निवांत पेन्शनर | २६ ऑक्टोबर, दुपारी २:२०

अर्ध्यावर आहे का पूर्ण झाला?

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | २६ ऑक्टोबर, दुपारी २:२४

अर्ध्यावर. पण क्युरिंगचं पाणी विकत घ्यावं लागत नाहीये.

---

वेसावकर | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

बोंबलाचा खरा हंगाम आत्ता. वलांड्या परवाच बांधल्या, कालपासून रिकाम्या. बोटी परत आल्यात. जे मिळालं ते ओलंच विकतोय, भाव पडलाय. खाणाऱ्यांची चंगळ आहे, येऊन घेऊन जा.

गच्चीवालीताई, मसाला टिकला का?

---

गच्चीवाली | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:१०

कढईतल्या चार किलोंचा टिकला, रंग थोडा काळपट. उन्हातल्या तीन किलोंची एक बरणी सप्टेंबरात फेकली, तळाशी ओल राहिली होती. सासूबाईंचा अंदाज उलटा होता, त्यामुळे त्या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलंय. कोरडवाहूभाऊंचा किलो चांगल्यातला गेला.

कुरडया पुढच्या वर्षी होळीनंतर लगेच घालणार. गहू आणायला सांगितलेत सासूबाईंनी आत्तापासूनच.

दादा, ओले बोंबील दोन वाटे ठेवा. ह्यांना संध्याकाळी पाठवते, छत्री देऊन.